उभ्या जीपचा करंट

चामोर्शीत आष्टीच्या रोडवर, टायर पंक्चरच्या दुकानाला लागून जलालुद्दीन मिस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, समोर एक लाकडी बाक आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या वायरींच्या गुंडाळ्या. पाटी त्याने कधी लावली नाही, कारण गरज पडली नाही. घोटकडून येणारा असो की अहेरीकडून, ‘जलालभाऊ कुठी बसते?’ एवढंच विचारायचा आणि कोणीही बोट दाखवायचं. छत्तीस वर्षं त्याने गाड्यांचं वायरिंग केलं, सेल्फ खोलले, डायनॅमो बांधले. मार्कंड्याची जत्रा भरली की बंद पडलेल्या गाड्यांची त्याच्या दारात रांग लागायची आणि तो दुपारचं जेवण संध्याकाळी जेवायचा.

स्वभावाने तो कमी बोलणारा. गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगायला लागलं की तो हात वर करून थांबवायचा. गाडीला विचारतो, म्हणायचा, आणि बॉनेट उघडायचा. त्यात थोडा तोरा होताच. पण त्याचं निदान सहसा चुकत नसे, म्हणून लोक तो तोरा चालवून घेत. नवी बॅटरी घ्यायला आलेल्या माणसाला त्याने कितीदा तरी परत पाठवलं असेल. जुनी बॅटरी का उतरते ते आधी बघू, मग नवी घे, असं सांगून. त्यामुळे जलालभाऊने एकदा सांगितलं की ते सांगितलं. त्याच्या शब्दावर कोणी दुसऱ्याकडे जाऊन खात्री करून घेत नसे.

घोटच्या पुढे जंगलात येरंडटोला नावाचं गाव आहे. गोंडांची साठेक घरं, मधून मधून कुणब्यांची चार-दोन. ग्रामसभेला बांबूचे आणि तेंदूपत्त्याचे पैसे मिळायला लागल्यावर गावाने ठराव करून एक वापरलेली जीप घेतली होती. आजारी माणूस, अडलेली बाई, कोणालाही तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं तर त्या जीपने. मागच्या दोन्ही बाकांपैकी एक काढून तिथे झोपवायची सोय केली होती. गाडी चालवायला धनराज होता. तो शेजारच्या गावचा, तिशीच्या आतला, आईला एकुलता एक. गाडी धुतल्याशिवाय शेडमध्ये लावायचा नाही, अशी त्याची ख्याती. ग्रामसभेची अध्यक्ष सोमारीबाई. शाळा तिने फारशी पाहिली नव्हती, पण ठरावाचा कागद दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतल्याशिवाय अंगठा लावायची नाही.

गावाला कोणीतरी ऑक्सिजनची मशीन दान दिली होती. ती विजेवर चालणारी, पडून होती. गाडीत चालवता येईल का, असं विचारायला सोमारीबाई आणि धनराज मार्च महिन्यात जलालच्या दुकानात आले. येईल, तो म्हणाला. बाकाखाली एक छोटा इन्व्हर्टर बसवायचा, त्याला बॅटरीवरून थेट जाडी वायर द्यायची आणि मध्ये एक रिले टाकायचा. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. गाडीची चाबी फिरवली की आतली पट्टी चिकटते आणि करंट पुढे जातो, चाबी बंद केली की पट्टी सुटते आणि करंट थांबतो. म्हणजे गाडी उभी असताना इन्व्हर्टर बॅटरी खाणार नाही.

काम त्याने दीड दिवसात केलं. पिवळी वायर वापरली. सोमारीबाईने मशीन चालवून पाहिली, हवेच्या नळीवर तळहात धरला आणि मान हलवली. सगळे समाधानाने गेले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस झड लागली होती. नाला भरून वाहत होता म्हणून जीप शेडमधून बाहेर निघाली नव्हती. चौथ्या दिवशी पाणी उतरलं, ऊन पडलं आणि माणसं धानाच्या बांध्यांमध्ये निंदणीला गेली. सोमारीबाईचा नवरा बिरजू आणि मुलगी दिव्यानी आपल्या धुऱ्यावर काम करत होती. दुपारी बिरजूने गवताचा पेंढा उचलला आणि त्याखालच्या घोणसाने त्याच्या मनगटाला चावा घेतला. दिव्यानी ओरडत गावाकडे पळाली. धनराज पाच मिनिटांत शेडमध्ये पोचला, चाबी फिरवली, आणि गाडीतून नुसता ‘टक’ असा आवाज आला. पुन्हा फिरवली. मग तोही आवाज बंद झाला.

माणसांनी गाडी ढकलली. पण बॅटरी इतकी बसली होती की इंजिनात डिझेल सोडणारी झडपच उघडेना, आणि शेडपुढच्या चिखलात चाकं रुतली. शेवटी पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतून ट्रॅक्टर बोलावला. त्यात पाऊण तास गेला. बिरजूला ट्रॉलीत गोधडीवर टाकून निघाले. सोमारीबाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दवाखाना दोन कोसांवर राहिला असताना तिने ट्रॅक्टरवाल्याला हाक मारून सांगितलं, आता सावकाश चालव.

दहावा झाल्यावर गावाने ती जीप ट्रॅक्टरच्या मागे बांधून चामोर्शीला आणली. सोबत सोमारीबाई होती, गावातले बापूजी नावाचे वृद्ध होते आणि धनराज. झाडीतला वीस-बावीस किलोमीटरचा फुटका रस्ता, जीप खड्ड्याखड्ड्यांत आदळत आली. जलालने भरलेली बॅटरी लावली, मीटर जोडला. उभ्या गाडीत घड्याळ वगैरे जेवढं खातं तेवढाच करंट मीटर दाखवत होता. तासभर त्याने पाहिलं. आकडा हलला नाही.

बापूजींनी विचारलं, मग बॅटरी उतरली कशी? जलालने सांगितलं की वायरिंगमध्ये दोष नाही, वायरिंग त्याने स्वतः केलेलं आहे. केबिनमधला लाईट चालू राहिला असेल. तो बारका लाईट तीन-चार दिवस जळत राहिला तर एवढी बॅटरी आरामात बसते.

धनराज दोन हात अंतरावर उभा होता. तो म्हणाला, “लाईट बंद होता, मिस्त्री. मी पाहून गेल्तो.”

जलाल तोवर टर्मिनल आवळायला वाकला होता. त्याने वर पाहिलं नाही. गाड्या बंद पडल्यावर सगळेच ड्रायव्हर असं म्हणतात, हे त्याला छत्तीस वर्षांत पाठ झालं होतं. सोमारीबाई मात्र धनराजकडे बघत राहिली, बराच वेळ.

त्या आठवड्यातच ग्रामसभेने धनराजला काढलं. कोणी त्याच्या अंगावर हात टाकला नाही, कोणी शिवी दिली नाही. ठराव झाला, तो चाबी ठेवून गेला आणि जीप तो ट्रॅक्टरवालाच लागेल तशी चालवू लागला. पण गोष्ट गावोगाव फिरत गेली तशी वाढत गेली. लाईट विसरला होता, यावरून तो पिऊन होता इथवर आली. महिनाभरात धनराज घुग्घुसला कोळसाखाणीवर कामाला निघून गेला, असं जलालच्या कानावर आलं. त्याने ऐकलं आणि हातातलं काम चालू ठेवलं.

पोळा झाला, गणपती झाले. सप्टेंबरअखेर एका सकाळी त्याचा फोन वाजला. सोमारीबाई बोलत होती. आवाज नेहमीसारखाच, सपाट.

“मिस्त्री, गाडी चार दिवसांपासून शेडात हाय. कुलूप माह्याच हातचं. चाबी माह्या घरी खुट्टीले टांगली होती. आज चालू करून पाहतो तं गाडी मेली हाय. मंग आता लाईट कोनं चालू ठेवला?”

जलालने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, “बाई, गाडीले हात लावू नका. ढकलू नका, दरवाजा बी उघडू नका. जशी हाय तशी राहू द्या. मी येतो.”

असं तो आजवर कोणाला म्हणाला नव्हता. गाडी त्याच्याकडे यायची, तो गाडीकडे जात नसे. पण फोन ठेवता ठेवता त्याच्या ध्यानात आलं होतं की मागच्या वेळी ही जीप त्याच्यापर्यंत आदळत, आपटत आली होती, आणि जे काही बिघडलं होतं ते कदाचित वाटेतच जागेवर बसलं असेल. हे तेव्हाच सुचायला हवं होतं. त्याने एक भरलेली बॅटरी मोटारसायकलच्या मागे बांधली, मीटर आणि हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवली आणि निघाला. वाटेत धानाला लोंब्या आल्या होत्या. घोटच्या पुढे जंगल सुरू झाल्यावर तो मोटारसायकल खड्डे चुकवत इतक्या हळू चालवू लागला की एका सायकलवाल्याने त्याला मागे टाकलं.

शेडपाशी सोमारीबाई उभी होती. तिच्या मागे दिव्यानी भिंतीला टेकून. जलालने सलाम केला, कुलूप काढायला सांगितलं आणि एकटाच आत गेला. खिडकीच्या काचेतून आधी केबिनचा लाईट पाहिला. बटण बंद होतं. बॉनेटचा खटका मात्र आतूनच ओढायचा होता, म्हणून त्याने दरवाजा वीतभर उघडला. भरलेली बॅटरी लावल्यावर उघड्या दारामुळे लाईट लागू नये म्हणून दाराचा खटका बोटाने दाबून धरला, मग त्यावर चिकटपट्टी लावली. खात्रीसाठी वरचा बल्बच काढून खिशात टाकला.

उतरलेली बॅटरी काढून त्याने भरलेली ठेवली. ऋण टोकाला आधी साधी वायर लावली, तिच्या जोडीने मीटर लावला आणि मग ती वायर सोडवली. एकदम मीटर लावला तर सुरुवातीच्या झटक्याने तो जळतो. आता गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जात होता. पाऊण अँपियर. चाबी नाही, लाईट नाही, दरवाजा बंद, आणि गाडी उभ्याउभ्या पाऊण अँपियर खात होती. त्याने मनात हिशेब केला. साठ अँपियर-तासांची बॅटरी, साडेतीन दिवसांत बसणार. झडीचे तीन दिवस आणि वरची एक दुपार.

तो अर्धा तास तसाच थांबला. बॅटरी जोडल्याजोडल्या आकडा थोडा वर असतो, पण हा खाली आला नाही.

मग त्याने फ्यूजचा डबा उघडला. पद्धत सोपी असते. एकेक फ्यूज काढायचा आणि मीटरकडे पाहायचं. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या वायरीत चोर. हॉर्नचा काढला, आकडा तोच. हेडलाईटचा काढला, तोच. वायपर, इंडिकेटर, टेप. सगळे फ्यूज त्याच्या रुमालावर ओळीने जमा झाले, डबा रिकामा झाला, आणि मीटर पाऊण अँपियरवरच होता.

कंपनीच्या सगळ्या वायरी आता मोकळ्या होत्या. बॅटरीवरून फ्यूजच्या डब्यात न शिरता थेट मागे जाणारी एकच वायर गाडीत उरली होती. पिवळी. ती कोणी ओढली होती हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

तो उठला, मागचं दार उघडून बाकाजवळ गुडघ्यांवर बसला. गोधड्या बाजूला केल्या. बाकाच्या आतल्या अंगाला, पाठ फिरवून बसवलेल्या इन्व्हर्टरचा हिरवा दिवा जळत होता. बाहेर उभ्या माणसाला तो दिसणं शक्य नव्हतं. धनराजला दिसणं शक्य नव्हतं. त्याने रिलेवर बोट ठेवलं, कोमट लागला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केलं. आतून बारीकसा ‘टिक’ आला आणि हिरवा दिवा विझला. समोर जाऊन मीटर पाहिला. आकडा जवळजवळ शून्य.

त्याने रिले काढून त्याचं झाकण उचकटलं. आतली दोन्ही टोकं काळी पडून खडबडीत झाली होती. मशीन सुरू होताना इन्व्हर्टर एकदम मोठा करंट ओढतो, त्या ठिणगीने जुनी टोकं वितळून एकमेकांना चिकटत. कधी चिकटत, कधी नाही. चिकटली की चाबी बंद केली तरी सुटत नसत, आणि गाडी रोज चालत असे तोवर हे कोणाला कळत नसे, कारण रोज बॅटरी पुन्हा भरून निघायची.

आणि तेव्हा त्याला आठवलं. मार्चमध्ये नवा रिले नागपूरहून यायचा होता. गावाला घाई होती. त्याने मोडीत गेलेल्या एका ट्रकमधून काढलेला जुना रिले डब्यातून उचलला, तात्पुरता लावला, आणि मनात म्हटलं की नवा आला की बदलून देऊ. नवा चार दिवसांनी आलाही होता. तो दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पाकिटासकट पडून होता. दर दोन-चार दिवसांनी स्क्रूड्रायव्हर शोधताना त्याचा हात त्या पाकिटाला लागत होता.

“सापडलं काय?” दारातून सोमारीबाईने विचारलं.

“सापडलं. एक डबी खराब झाली होती.”

“मंग लाईट नव्हता?”

“नाई. लाईट नव्हता.”

तिने पुढे काही विचारलं नाही, आणि त्याने पुढे काही सांगितलं नाही. इन्व्हर्टरची वायर सोडवून ठेवली, नवी डबी घेऊन येतो म्हणाला, भरलेली बॅटरी गाडीतच राहू दिली आणि मोटारसायकलला किक मारली. रिले त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. घोटपर्यंत त्याला वाटत होतं की आपण खोटं काही बोललो नाही.

दोन दिवस त्याने दुकान उघडलं, पण काम हाताला लागेना. एका टेम्पोचं सेल्फ खोलून तसंच ठेवलं. कमरजहाँने, त्याच्या बायकोने, पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारचा डबा जसाच्या तसा परत आला तेव्हा ती दुकानात येऊन बाकावर बसली. त्याने खिशातून तो रिले काढून तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. हेही सांगितलं की ही गोष्ट त्याच्याशिवाय कोणाला कळणार नाही. डबी खराब होतेच, कोणाचीही होते. गावाला एवढं पुरेसं आहे.

कमरजहाँने ती डबी उलटसुलट करून पाहिली. मग तिने विचारलं की त्या पोराचं नाव काय होतं. तो म्हणाला, धनराज. त्याची आई आहे का? आहे, तो म्हणाला. कमरजहाँ उठली, डबी बाकावर ठेवली आणि घरी गेली. एवढंच.

येरंडटोल्यात ग्रामसभा रविवारी सकाळी गोटुलापुढे, म्हणजे गावाच्या सामाईक घरापुढे, मांडवात बसते. जलाल कोणी बोलावल्याशिवाय गेला आणि कडेला बसून राहिला. बांबूच्या तोडीचा विषय संपल्यावर त्याने बोलायची परवानगी मागितली. माणसांना वाटलं, तो गाडीच्या कामाचं सांगणार. तो उभा राहिला, खिशातला रिले काढून मधल्या चटईवर ठेवला. छत्तीस वर्षांत त्याला चार माणसांपुढे आपल्या कामाबद्दल सांगावं लागलं नव्हतं.

“हा तुकडा म्या बसवला,” तो म्हणाला. “जुना होता. नवा माह्या दुकानात पडून होता, बदलवाचं मी विसरलो. यानं बॅटरी खाल्ली. तवा बी, आता बी. धनराजचा काही कसूर नाई. मी त्या दिवशी न पाहता बोललो.”

माणसं त्या डबीकडे बघत होती, एवढीशी वस्तू. बापूजींनी हळूच विचारलं की धनराजने त्या दिवशी लाईट बंद असल्याचं सांगितलं होतं का. जलाल म्हणाला, सांगितलं होतं. आपणही तिथेच होतो, बापूजी म्हणाले, आणि मान खाली घातली.

सोमारीबाई उठली आणि मांडवाबाहेर गेली. तिच्या मागे कोणी गेलं नाही. मोहाच्या झाडाखाली ती पाठमोरी उभी होती, पदर तोंडाशी धरून. दिव्यानी बायकांमध्ये बसलेली. ती जलालकडे टक लावून बघत होती आणि त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहवलं नाही. कोणीतरी कुजबुजलं, कोणीतरी त्याला दटावलं. बऱ्याच वेळाने सोमारीबाई परत आली. बसली नाही.

“मिस्त्री, तुमी इथी येऊन सांगतलं, ते आमी ऐकलं,” ती म्हणाली. “माह्या मानसाचं मी पाहीन. पन त्या पोराले गावानं काहाडलं. त्याले कोन सांगन?”

“मी सांगतो,” जलाल म्हणाला.

“मंग आधी तिकडं जा.”

दुसऱ्या दिवशी तो मूलला आणि चंद्रपूरला बस बदलून घुग्घुसला गेला. धनराज कोळशाच्या रस्त्यावर पाणी मारणाऱ्या टँकरवर होता, एवढाच पत्ता त्याच्याजवळ होता. दिवसभर ट्रक जातात, धूळ उठते, आणि हा टँकर तिच्यावर पाणी टाकत फिरतो. तासाभरात रस्ता पुन्हा कोरडा. दुपारची पाळी सुटेपर्यंत जलाल एका चहाच्या टपरीवर थांबला. मोटारसायकलींचा लोंढा बाहेर पडला, त्यांच्या मागून धनराज पायी आला. चेहऱ्यावर, भुवयांवर काळी पूड. त्याने जलालला ओळखलं आणि जागीच उभा राहिला.

जलालने टपरीवर बसायला सांगितलं, तो बसला नाही. मग रस्त्याच्या कडेला उभ्यानेच जलालने सगळं सांगितलं. ट्रक जात होते, मध्येमध्ये त्याला थांबावं लागत होतं. ग्रामसभेत आपण काय बोललो ते सांगितलं आणि सोमारीबाईने पाठवलं हेही. ऐकता ऐकता धनराजच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

“त्या दिवशी मी तुमच्या बाजूलेच उभा होतो, मिस्त्री,” शेवटी तो म्हणाला. “तुमी मले एकदा बी विचारलं नाई.”

“नाई विचारलं.”

“लोक म्हनत होते का मी पिऊन होतो. माह्या मायनं बी एक दिवस विचारलं. जेवाले वाढता वाढता.” तो थांबला. “मले बी वाटाले लागलं होतं का लाईट राह्यलाच असन. रोज रात्री आठवून पाहत होतो, बटन बंद केलं का नाई. आता तं काही आठवतच नाई.”

जलालने माफी मागितली. धनराजने ती घेतली नाही आणि झिडकारलीही नाही. आपली खोली लांब आहे, निघतो, एवढं म्हणाला आणि पुलाकडे चालायला लागला. जलाल तिथेच उभा राहिला. मग त्याने बसस्टँडचा रस्ता धरला. चंद्रपूरला पोचेपर्यंत त्याच्या कपड्यांवर काळा थर बसला होता.

परतीच्या वाटेवर तो आणखी एक काम करून आला. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन त्याने डॉक्टरांना विचारलं की तो पाऊण तास वाचला असता तर बिरजू वाचला असता का. डॉक्टर भले होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि खरं सांगितलं: घोणसाचं विष होतं, कदाचित वाचला असता, कदाचित नाही, कोणालाच सांगता येणार नाही. जलालने पुन्हा विचारलं नाही. त्याला पक्कं काहीतरी हवं होतं, कुठलंही, आणि ते मिळणार नव्हतं.

ग्रामसभेने धनराजला परत बोलावण्याचा ठराव केला. दिवाळीनंतर तो आला. आधी सोमारीबाईच्या घरी गेला. तिथे काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच माहीत. शेजारच्यांनी पाहिलं ते एवढंच की तो तिथे जेवला आणि सोमारीबाई त्याला वाढत होती. मग त्याने शेड उघडवून जीप चालू केली, गावाभोवती एक फेरी मारली आणि चाबी परत दिली. काम त्याने घेतलं नाही. चाबी फिरवताना हात थरथरतो, म्हणाला; टँकरवर नाही थरथरत, पण या गाडीत थरथरतो, आणि असा हात घेऊन आजारी माणसाला न्यायचं नाही.

पण चाबी देऊन तो लगेच गेला नाही. दिव्यानीने विचारलं की गाडी शिकवाल का. तिचं अठरा पूर्ण झालं होतं. सोमारीबाईने नुसतं धनराजकडे पाहिलं. धनराज सुट्टी वाढवून पंधरा दिवस राहिला. शाळेमागच्या मैदानात, मग नाल्याच्या रस्त्यावर, मग घोटच्या बाजारातून, त्याने तिला गाडी शिकवली. रागावायचा नाही. रोज गाडी लावल्यावर तिला सगळे लाईट पाहायला लावायचा आणि ती मोठ्याने म्हणून दाखवायची: केबिन बंद, हेडलाईट बंद, बाकाखालचा दिवा बंद. पंधराव्या दिवशी तो घुग्घुसला परत गेला. थंडीत तिला लायसन मिळालं. आता येरंडटोल्याची जीप दिव्यानी चालवते.

जलालने त्या जीपमध्ये नवा रिले टाकला आणि शिवाय बॅटरीच्या टोकावर एक हाताने फिरवायचा खटका बसवला. तो बंद केला की गाडीत कशालाच करंट जात नाही. त्याचं काम तसंच चालू आहे. गिऱ्हाईक बोलायला लागलं तर तो आता हात वर करत नाही. ड्रायव्हरला बाकावर बसवतो आणि गाडी शेवटची कुठे उभी होती, काय पाहिलं, काय ऐकलं, सगळं विचारतो. जुन्या गिऱ्हाइकांना वाटतं की म्हातारपणाने मिस्त्री हळू झाला. कधी कधी तो गाडी ठेवून घेतो आणि संध्याकाळी सांगतो की अजून नाई समजलं, उद्या या. असं त्याच्या तोंडून पूर्वी कोणी ऐकलं नव्हतं. धनराज त्याच्या दुकानात आलेला नाही.

महिन्यातून एकदा दिव्यानी जीप तपासायला आणते. सांगायचं तेवढं सांगते आणि बाकावर बसून राहते, आईसारखी ताठ. जलाल मीटर लावतो, आकडा पडायची वाट बघतो, आणि तो बघितल्यावर तिला बोलावून दाखवतो. कमरजहाँ घरून चहा पाठवते. पहिल्या दोन महिन्यांत तो चहा बाकावर तसाच निवून गेला. तिसऱ्या महिन्यात दिव्यानीने कप उचलला, पदराने धरल्यासारखा ओढणीच्या टोकाने धरला, आणि मीटरवरचा आकडा खाली येईपर्यंत घोट घोट पीत बसली.